ट्यूबलाइट उतरवताना

पूर्णा नदीवर वरच्या अंगाला येलदरी आणि खालच्या अंगाला सिद्धेश्वर अशी जोडधरणे १९६८ च्या सुमारास पूर्ण झाली. येलदरीच्या पायथ्याशी साडेबावीस मेगावॉटचे जलविद्युत केंद्र आहे. तिथली जनित्रे फिरवून आलेले पाणी सिद्धेश्वरच्या जलाशयात उतरते आणि तिथून कालव्यांनी शेतांकडे निघते. या पाण्याने पिके बदलली, तशी कामेही बदलली. पाण्यामागून विजेचे पंप आले, पंपांमागून जळक्या मोटारी आल्या आणि त्या मोटारी पुन्हा भरून देणारे, म्हणजे रिवायंडिंग करणारे हात गावोगाव तयार झाले. सुतार, लोहार, शिंपी तर आधीपासून होतेच. पुढे वेल्डर आले. हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यातील सिद्धेश्वरसारख्या गावात अशा कामाची जागा म्हणजे बहुधा घराचीच पुढची खोली, पडवी किंवा अंगणातले पत्र्याचे शेड. तिथला उजेड म्हणजे भिंतीवर उंच ठोकलेली चार फुटी ट्यूबलाइट, तांब्याची चोक आणि स्टार्टर. ही ट्यूब आता बाजारातून जाऊ लागली आहे आणि तिच्या जागी एलईडीची पट्टी येते आहे. बदलाचे कारण विचारले तर उत्तर एकच मिळते : बिल कमी येते. ते खरे आहे. पण घरगुती कार्यशाळेपुरते बोलायचे तर हे कारण सर्वांत लहान आहे, आणि तेवढेच धरून बसल्यामुळे या बदलातला मोठा फायदा हातचा जातो. वाचलेली वीज पुन्हा कामाच्या टेबलावर उजेड म्हणून खर्च केली पाहिजे आणि दिवा निवडताना वॉटच्या आधी त्याच्या उजेडाची प्रत पाहिली पाहिजे, असे माझे मत आहे. ते कशाच्या आधारावर, हे सविस्तर मांडतो.

आधी बिलाचाच हिशेब करू. जुनी जाड ट्यूब ४० वॉटची आणि तिची तांब्याची चोक स्वतः सुमारे १४ वॉट खाते, म्हणजे एका फिटिंगला ५४ वॉट. दोन ट्यूब असलेल्या खोलीत १०८ वॉट झाले. त्या जागी २० वॉटच्या दोन एलईडी पट्ट्या लावल्या तर ४० वॉट लागतात, म्हणजे ६८ वॉट वाचतात. दिवसाला पाच तास आणि वर्षाला तीनशे दिवस दिवे लागतात असे धरले, तर वर्षाची बचत १०२ युनिट होते. विजेचा दर वापराच्या टप्प्याप्रमाणे बदलतो. हिशेबापुरते युनिटला आठ रुपये धरले तर वर्षाला आठशे-सव्वाआठशे रुपये, म्हणजे महिन्याला साधारण सत्तर रुपये. पट्ट्यांची किंमत वर्षाच्या आत वसूल होते, तेव्हा सौदा तोट्याचा नक्कीच नाही. पण ज्या खोलीत एक अश्वशक्तीची मोटार चाचणीला चालते, रंधा मशीन किंवा ग्राइंडर फिरतो, वेल्डिंग मशीन जोडलेले असते, तिथे महिन्याला सत्तर रुपयांनी धंद्याचे गणित बदलत नाही. मोजमाप चुकून भरलेली एक मोटार परत आली, उलट्या अस्तराचा एक ब्लाउज उसवावा लागला किंवा सागवानाची एक फळी तिरकी कापली गेली, तर त्या एका दिवसात वर्षभराची वीजबचत निघून जाते. घरगुती कार्यशाळेत महाग असते ते माणसाचे लक्ष, त्याचा वेळ आणि त्याची बोटे, आणि या तिन्ही गोष्टी उजेडावर अवलंबून आहेत.

उजेड किती हवा, याला मोजमाप आहे. दिवा एकूण किती प्रकाश सोडतो ते लुमेनमध्ये सांगतात आणि त्यातला कामाच्या पृष्ठभागावर प्रत्यक्ष किती पडतो ते लक्समध्ये. इमारतींच्या आतील प्रकाशयोजनेसाठी भारतीय मानक संस्थेची ३६४६ क्रमांकाची संहिता आहे. साधारण मशीनकामाला ३०० ते ५०० लक्स आणि बारीक कामाला ७५० च्या आसपास, असे तिच्या शिफारशींचे स्थूल मान आहे. आता दहा बाय बारा फुटांची, म्हणजे सुमारे ११ चौरस मीटरची खोली घेऊ. हॅलोफॉस्फेट जातीची नवी ट्यूब अदमासे २,४५० लुमेन देते, दोन ट्यूब ४,९०० देतात. धूळ बसून आणि वय होऊन त्यातला तीस टक्के प्रकाश गेला, आणि उरलेल्यातला बराचसा काळवंडलेल्या भिंतींनी आणि पत्र्याने शोषून अवघा चाळीस टक्के टेबलावर पोहोचला, असे धरले तर हातात सव्वाशे लक्स येतात. शिफारशीच्या निम्मेही नाहीत. या दोन ट्यूब काढून दोनच एलईडी पट्ट्या लावल्या तर नव्या कोऱ्या झाकणामुळे आणि प्रकाश खालीच टाकण्याच्या गुणामुळे थोडा फरक पडेल, पण कामाची गरज भागणार नाही. चार पट्ट्या लावल्या तर ८,००० लुमेन मिळतात. त्यातला वीस टक्के धुळीला सोडला आणि निम्मा टेबलावर आला तरी २९० लक्स होतात. वीज लागते ८० वॉट, म्हणजे जुन्या दोन ट्यूबपेक्षाही २८ वॉट कमी. हे सारे हिशेब ढोबळ आहेत. खोलीची उंची आणि भिंतींचा रंग यांनी आकडे पुढे-मागे होतील. पण दिशा स्पष्ट आहे : उजेड दुपटीहून अधिक करूनही बिल उतरलेलेच राहते. वय वाढेल तशी ही गरज अधिक तीव्र होते. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या माणसाच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो, कारण बाहुली आकसते आणि भिंग पिवळसर, दाट होत जाते. गावातला मुरलेला कारागीर बहुधा पन्नाशीच्या पुढचाच असतो. त्याच्या हाताला सराव असतो म्हणून त्याला कमी उजेड चालतो, असे समजणे त्याच्या डोळ्यांवर अन्याय करणारे आहे.

सार्वजनिक धोरणानेही ही बाब बाजूलाच ठेवली. केंद्राची उजाला योजना ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झाली. एकत्रित खरेदीमुळे एलईडी बल्बची खरेदी किंमत २०१४ मधल्या ३१० रुपयांवरून २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आली. इतक्या कमी काळात इतकी घसरण दुसऱ्या कोणत्या घरगुती वस्तूत क्वचितच झाली असेल. पण या योजनेतून वाटलेल्या वस्तूंचे प्रमाण पाहण्यासारखे आहे : बल्ब सुमारे ३६.८७ कोटी आणि एलईडी ट्यूब सुमारे ७२ लाख. एका ट्यूबमागे पन्नासाहून अधिक बल्ब. खासगी बाजारातून पट्ट्या पुष्कळ विकल्या गेल्या हे मान्य करूनही या आकड्यांतून योजनेचा विचार दिसतो. घरातला पिवळा बल्ब हे तिचे लक्ष्य होते आणि ते तिने गाठले. काम करण्याची जागा त्या विचारात नव्हती. यातून एक घातक सवय मात्र रुजली. नऊ वॉटचा बल्ब जुन्या साठ वॉटच्या बल्बला पर्याय आहे. तो सुमारे ९०० लुमेन देतो. तोच बल्ब ट्यूबच्या जागी अडकवला की उजेड निम्म्याहून खाली येतो. डोळ्याला दिव्याकडे पाहताना तो झगझगीत वाटतो, म्हणून हा तोटा लक्षातच येत नाही. नियमांचा आधार तर इथे नव्हताच. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या सतराव्या कलमाने कामाच्या जागी पुरेसा व योग्य प्रकाश ठेवणे मालकावर बंधनकारक केले होते, पण वीज वापरणाऱ्या जागेत किमान दहा कामगार असतील तरच ते कलम लागे. बापलेक किंवा नवराबायको मिळून चालवतात ती कार्यशाळा तेव्हाही त्या कक्षेबाहेर होती, आजही आहे. तिथे उजेड तपासायला निरीक्षक येत नाही. जो काम करतो त्यालाच तो तपासावा लागतो.

उजेडाच्या प्रतीत माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट लुकलुक ही आहे, आणि दुकानात तिची चौकशी जवळजवळ कोणीच करत नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून तांब्याच्या चोकवरची ट्यूब सेकंदाला शंभर वेळा मंद होते आणि पुन्हा उजळते. डोळ्याला ते दिसत नाही. पण फिरणाऱ्या वस्तूवर हा प्रकाश पडला की भास निर्माण होतो. चार ध्रुवांची मोटार भाराशिवाय चालवली तर मिनिटाला १,५०० फेऱ्यांच्या किंचित खाली फिरते, म्हणजे सेकंदाला जवळजवळ २५ फेऱ्या. तिच्यावर चार आऱ्यांची पुली असेल तर सेकंदाला जेमतेम शंभर आरे एकाच जागेवरून जातात. शंभर ठोक्यांच्या प्रकाशात ती पुली थांबल्यासारखी किंवा अगदी सावकाश उलटी सरकल्यासारखी दिसू शकते. पंपाच्या मोटारीची दिशा तपासणे हे रिवायंडिंगवाल्याचे रोजचे काम आहे, आणि दिशेचाच भास होणारा उजेड त्याच्या डोक्यावर असतो. लेथच्या तीन जबड्यांच्या चकला हाच प्रसंग मिनिटाला २,००० फेऱ्यांवर येतो. मोठ्या कारखान्यांत यावर जुना उपाय होता : शेजारशेजारच्या ट्यूब वेगवेगळ्या फेजवर जोडायच्या, किंवा जोडीतल्या एका ट्यूबला कपॅसिटर लावून तिचे ठोके मागेपुढे करायचे. एका फेजवर चालणाऱ्या घरात पहिला उपाय शक्यच नाही आणि दुसरा कोणी करत नाही. मग एलईडीने हा प्रश्न सुटतो का? चांगल्या एलईडीने पूर्ण सुटतो, स्वस्त एलईडीने बिघडतो. ट्यूबमधली भुकटी ठोक्यांच्या मधल्या क्षणातही थोडी चमकत राहते, त्यामुळे तिचा प्रकाश पूर्ण विझत नाही. एलईडीला अशी धग नसते. वीज थांबताच प्रकाश थांबतो. ज्या पट्टीत चालक मंडळ नीट नाही, म्हणजे आतली वीज गाळून सपाट करणारा कपॅसिटर वाचवलेला आहे, ती पट्टी जुन्या ट्यूबपेक्षाही खोल लुकलुकते. म्हणून 'एलईडी लुकलुकत नाही' हे सरसकट विधान चुकीचे आहे. तपासणी मात्र फुकट आहे. दुकानातच पट्टी लावून घ्यावी, मोबाईलचा कॅमेरा स्लो-मोशनवर ठेवून तिच्याकडे धरावा. काळे पट्टे सरकताना दिसले की ती पट्टी परत द्यावी. कॅमेरा नसेल तर उजेडात पेन झपझप हलवून पाहावे. सलग धूसर पंखा दिसला तर प्रकाश सपाट आहे. सुट्यासुट्या पेनांची रांग दिसली तर नाही.

दुसरी गोष्ट रंगाची. सूर्यप्रकाशात वस्तूचा रंग जसा दिसतो त्याच्या किती जवळ दिवा तो दाखवतो, याला रंगदर्शन निर्देशांक म्हणतात; इंग्रजी आद्याक्षरांवरून खोक्यावर तो 'सीआरआय' म्हणून छापलेला असतो. शंभर म्हणजे उत्तम. जुन्या हॅलोफॉस्फेट ट्यूबचा हा आकडा पन्नास ते पंचाहत्तरच्या दरम्यान असे, ट्रायफॉस्फर ट्यूबचा ऐंशीच्या वर, बाजारातल्या साध्या एलईडीचा ऐंशीच्या आसपास आणि चांगल्या एलईडीचा नव्वदच्या पुढे. ऐंशीवाल्या बऱ्याच एलईडीत गडद लाल रंग मार खातो. त्याचा स्वतंत्र आकडा 'आर ९' अशा नावाने देतात, आणि तो या दिव्यांत शून्याच्या जवळपास असू शकतो. शिंप्याला मरून कापडावर लाल दोरा जुळवताना हाच रंग लागतो. येवल्यात आणि पैठणला घरातल्या मागावर पैठणी विणणाऱ्याला पदरावरच्या मोराचे आणि मुनियाचे रंग वेगळे करताना हाच लागतो. मोटार भरणाऱ्यालाही तो लागतो, हे चटकन लक्षात येत नाही. जळक्या गुंडाळीत कोणती कॉईल पूर्ण काळी पडली आहे, कोणती नुसती तपकिरी झाली आहे, वार्निश कुठे करपले आहे, यावरून मोटार एका फेजवर चालून जळली की जास्त भाराने, हे कारागीर ओळखतो. हे निदान तपकिरी आणि काळ्या रंगाच्या छटांवरच उभे आहे. आपल्याकडे '६५०० केल्व्हिन' असा निळसर पांढरा उजेड म्हणजेच जास्त उजेड, असा समज घट्ट बसला आहे. पण केल्व्हिनचा आकडा उजेडाची ऊब-थंडी सांगतो, रंगांची खरी-खोटी बाजू सांगत नाही. कामाला ४००० ते ५००० केल्व्हिन पुरते. नव्वदचा निर्देशांक मिळत असेल तर त्यासाठी थोडे अधिक पैसे मोजावेत. सुताराला मात्र या बाबतीत फार खर्च करण्याची गरज नाही. पॉलिशचा रंग तो तसाही दिवसाउजेडी पाहतो.

एलईडीवरचा सर्वांत जोरकस आक्षेप कारागीरच घेतात, आणि तो वजनदार आहे. तांब्याची चोक वीस वर्षे टिकते. स्टार्टर गेला तर दहा-वीस रुपयांत नवा येतो. ट्यूब गेली तर ट्यूब बदलते. प्रत्येक भाग वेगळा, प्रत्येक भाग गावात मिळणारा. एलईडीची पट्टी गेली की सगळीच फेकायची, आणि खोक्यावर २५,००० तास छापले असताना ती दोन वर्षांत जाते. यातला अनुभव खरा आहे, कारण मात्र बहुतेक वेळा वेगळे असते. छापलेले तास प्रकाश देणाऱ्या चिपचे असतात आणि त्यांचा अर्थ प्रकाश सत्तर टक्क्यांवर येईपर्यंतचा काळ असा असतो. मरतो तो चालक, आणि त्याला मारणाऱ्या गोष्टी दोन : उष्णता आणि विजेचे झटके. चालकातल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे तापमान दहा अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य निम्म्यावर येते, असा इलेक्ट्रॉनिक्समधला ठोकताळा आहे. मराठवाड्याच्या मे महिन्यात हवाच बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर असते आणि तापलेल्या पत्र्याखाली तर त्याहून कितीतरी जास्त. पट्टी थेट पत्र्याला किंवा पत्र्याच्या लोखंडी अँगलला चिकटवून बसवली की ती आपल्या आयुष्यातला मोठा भाग तिथेच गमावते. साखळीने वीतभर-दोन वीत खाली टांगली, हवा खेळती राहिली, तर तीच पट्टी अधिक वर्षे चालते आणि टेबलाच्या जवळ आल्याने उजेडही वाढतो. लांबट दिव्यापासूनचे अंतर निम्मे केले की खालचा उजेड जवळजवळ दुप्पट होतो, तेव्हा टांगण्याचा हा उपाय दुहेरी फायद्याचा आहे.

विजेच्या झटक्यांचा भाग अधिक अवघड आहे, कारण तो घराच्या हातात पूर्ण नाही. ग्रामीण वाहिनीवर तीन प्रकारचे त्रास संभवतात. पहिला, कमी दाब. यात एलईडी निर्विवाद सरस आहे. दाब १८० व्होल्टच्या खाली गेला की चोकवरची ट्यूब पेटताना अडखळते, स्टार्टर टिकटिक करत राहतो आणि ट्यूबची टोके काळी पडतात. चांगल्या एलईडीचा चालक शंभर-सव्वाशे व्होल्टपासून तीनशे व्होल्टपर्यंत एकसारखा प्रकाश देतो. रब्बीच्या भरात, सगळे पंप एकदम चालू असताना गावातल्या कारागिराला हा फरक रोज जाणवतो. महावितरणने गावठाण आणि शेतीच्या वाहिन्या वेगळ्या केल्या, त्याने हा त्रास पुष्कळ ठिकाणी कमी झाला, संपला नाही. दुसरा त्रास, तुटलेला न्यूट्रल. खांबावरचा न्यूट्रल सुटला की एकेका घरात २३० च्या जागी साडेतीनशे-चारशे व्होल्ट येऊ शकतात. अशा वेळी एलईडी क्षणात जाते. तिसरा, मृगाच्या आधीच्या वळवाच्या पावसातल्या विजा. ढगातून तारेवर उतरलेला झटका चोकच्या जाड गुंडाळीत थोडाफार जिरून जातो. चालकातल्या नाजूक भागांना तो सोसत नाही. म्हणून पट्टी घेताना तिचा दाबाचा पल्ला आणि झटके सोसण्याची क्षमता पाहावी. अडीच ते चार किलोव्होल्ट असा आकडा खोक्यावर किंवा माहितीपत्रकात मिळतो. घराच्या मुख्य बोर्डावर जास्त दाब येताच वीज तोडणारे उपकरण आणि झटका जमिनीत उतरवणारे उपकरण बसवले तर दिव्यांबरोबर बाकीची यंत्रेही वाचतात. अर्थात त्यासाठी अर्थिंग खरोखरचे हवे, नळाला बांधलेली तार नव्हे. वेल्डिंग मशीन असेल तर दिव्यांची वायर मुख्य बोर्डापासून वेगळी ओढून तिला स्वतंत्र एमसीबी द्यावा. वेल्डिंगच्या प्रत्येक ठिणगीसरशी वायरीतला दाब उतरतो-चढतो, आणि त्याचा मार दिव्यांनी का सोसावा? तेव्हा दुरुस्तीचा आक्षेप मी असा मान्य करतो : कसल्याही संरक्षणाविना स्वस्त पट्टी पत्र्याला चिकटवून लावायची असेल तर चोक-ट्यूबच बरी. नीट बसवायची असेल तर मात्र एलईडी टिकते. रिवायंडिंगच्या दुकानात जो माणूस स्लॉटमध्ये लेदरॉइडचा कागद घालून बारीक तारेच्या शेकडो फेऱ्या मोजून भरतो, त्याला बिघडलेला चालक काढून सुटा नवा चालक जोडणे अवघड नाही. सुटे चालक बाजारात मिळतात. चालक आणि चिपची पट्टी वेगळी असलेले फिटिंग निवडले की झाले.

जुने फिटिंग तसेच ठेवून त्यात फक्त एलईडीची नळी घालावी की फिटिंगसह पट्टी घ्यावी, यावर माझे मत पट्टीच्या बाजूने आहे. नळीचे प्रकार अनेक आहेत. काही नळ्या चोक ठेवून चालतात, काहींना चोक आणि स्टार्टर काढून थेट वीज द्यावी लागते. काहींना एकाच टोकाला फेज आणि न्यूट्रल लागतात, काहींना दोन टोकांना एकेक. चुकीची जोडणी झाली तर नळी जळते, आणि दोन्ही टोकांची नळी चालू विजेवर एका बाजूने अडकवताना दुसऱ्या टोकाच्या पिनेला हात लागला तर माणसाला धक्का बसू शकतो. शिवाय त्या फिटिंगचे जुने होल्डर उन्हाने ठिसूळ झालेले असतात. पट्टीच्या बाबतीत हे सगळे प्रश्नच उद्भवत नाहीत. आयटीआयचा तारतंत्री किंवा वीजतंत्री ती अर्ध्या तासात बसवतो. खरेदी करताना भारतीय मानक संस्थेचे नोंदणी चिन्ह आणि त्याखालचा 'आर' ने सुरू होणारा क्रमांक पाहावा. एलईडी दिव्यांना ती नोंदणी सक्तीची आहे, तरीही बिनक्रमांकाचा माल आठवडी बाजारात दिसतो.

निळ्या प्रकाशाने डोळे जातात, ही भीती वारंवार ऐकू येते. युरोपीय आयोगाच्या वैज्ञानिक समितीने २०१८ मध्ये उपलब्ध पुरावे तपासले आणि नेहमीच्या वापरात निरोगी माणसाच्या डोळ्यांना एलईडीपासून थेट इजा होत असल्याचा पुरावा नाही, असा निष्कर्ष दिला. रात्री उशिरापर्यंत निळसर झगझगीत उजेडात बसल्याने झोप लांबते हे मात्र खरे आहे, आणि जिथे कामाची खोली आणि झोपायची खोली यांच्यात एक दार असते, तिथे तो विचार करावा. ४००० केल्व्हिनच्या बाजूने हेही एक कारण. डोळ्यांना प्रत्यक्ष त्रास होतो तो झगझगाटाचा. उघड्या चिपची पट्टी नजरेच्या रेषेत आली की डोळे दिपतात आणि टेबलावरचे काम आणखी अंधारलेले वाटते. दुधी झाकण असलेली पट्टी घ्यावी आणि ती डोक्याच्या मागे लावू नये. माणसाच्या पाठीमागच्या भिंतीवर एकच दिवा असेल तर त्याचीच सावली कामावर पडते. किती लक्स आहेत याला मग अर्थ राहत नाही. टेबलाच्या पुढून आणि बाजूने, अशा दोन रांगांत पट्ट्या टांगल्या की सावल्या एकमेकींना खोडतात. शिलाईच्या सुईपाशी किंवा स्टेटरच्या तोंडाशी वाकणारा छोटा दिवा ठेवला की तेवढ्या जागी ५०० च्या पुढे लक्स सहज मिळतात. सबंध खोली तेवढी उजळवायची गरज नाही. आणि भिंतींना चुना द्यावा. या सगळ्या खटाटोपात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय हाच आहे.

उजेड वाढवला तर बचत कुठे राहिली, असा प्रश्न ऊर्जाबचतीच्या बाजूने येतो. दिवे स्वस्त झाले की लोक जास्त जाळतात, हे निरीक्षण अर्थशास्त्रात जुने आहे, आणि बाजारपेठांतल्या रात्रभर जळणाऱ्या पाट्यांकडे पाहिले तर ते खरेही वाटते. पण कमी उजेडात काम करणारा माणूस बचत करत नव्हता. त्याला हवा तेवढा उजेड परवडत नव्हता. त्याची गरज भागवून वर २८ वॉट वाचत असतील, तर त्याला उधळपट्टी म्हणता येत नाही. वीज गेल्यावर हा फायदा आणखी ठळक होतो : ८० वॉटच्या चार पट्ट्या घरच्या साध्या इन्व्हर्टरवर तासन्‌तास चालतात, १०८ वॉटच्या चोक-ट्यूब गुणगुणत बॅटरी लवकर रिकामी करतात. बिलाची आणखी एक बाजू आहे. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या दरआदेशांत, घराच्या एका भागात छोटा धंदा करणाऱ्याचा वापर महिन्याला ३०० युनिट आणि वर्षाला ३,६०० युनिटांच्या आत असेल तर त्याला घरगुती दरच लावावा, अशी तरतूद आलेली आहे. जो कारागीर या मर्यादेच्या काठावर आहे, त्याच्यासाठी वाचलेली युनिटे त्यांच्या किमतीहून अधिक मोलाची ठरू शकतात, कारण मर्यादा ओलांडली की सगळ्या युनिटांचा दर बदलण्याचा धोका असतो. पैसे कोठून आणायचे, हाही खरा प्रश्न आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, शिंपी यांच्यासह अठरा व्यवसाय आहेत आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आहे. मोटार भरणारे त्या यादीत नाहीत. ते असायला हवेत, आणि अवजारांच्या पेटीबरोबर एक चांगला कामाचा दिवाही धरला पाहिजे. करवतीइतकेच ते अवजार आहे.

उतरवलेल्या ट्यूबचे काय करायचे, हा भाग मला सर्वांत जास्त काळजीचा वाटतो. ट्यूबच्या आत पाऱ्याची वाफ असते. तिच्यातून निघणारा अतिनील प्रकाश काचेच्या आतल्या भुकटीवर पडून दिसणारा प्रकाश बनतो. पाऱ्याशिवाय ट्यूब पेटत नाही. चांगल्या नव्या ट्यूबमध्ये तो पाच मिलिग्रॅमच्या आत असतो, जुन्या जाड ट्यूबमध्ये बराच अधिक. पाऱ्यावरच्या मिनामाता कराराला भारताने २०१८ मध्ये मान्यता दिली. करारातल्या देशांनी २०२३ मध्ये जिनिव्हात ठरवले की हॅलोफॉस्फेट नळ्या २०२६ पर्यंत आणि ट्रायफॉस्फर नळ्या २०२७ पर्यंत बंद करायच्या. सवलत मागण्याची सोय काही काळ आहे. युरोपीय संघाने तर ऑगस्ट २०२३ मध्येच नेहमीच्या नळ्या बाजारातून काढल्या. म्हणजे येत्या काही वर्षांत गावोगावच्या भिंतींवरून या नळ्या एकाच सुमारास खाली उतरणार. चोकमधल्या तांब्याला भाव आहे, म्हणून भंगारवाला चोक आनंदाने नेतो. काचेच्या नळीला भाव नाही, म्हणून ती उकिरड्यावर, नाल्यात किंवा कालव्याच्या कडेला फुटते. एका नळीतला पारा थोडा आहे आणि एका नळीने कोणाचा जीव धोक्यात येत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. परळीसारख्या औष्णिक केंद्रांत जळणाऱ्या कोळशातूनही पारा हवेत जातो, आणि वीज कमी जाळल्याने तोही कमी होतो. पण पाण्यात गेलेला पारा गाळातल्या जीवाणूंमुळे मिथिलपारा बनतो आणि माशांच्या शरीरात साठत जातो. ज्या गावाच्या उशाशी जलाशय आहे, ज्याचे पाणी कालव्यांनी दूरवर जाते आणि ज्यातले मासे लोक खातात, त्या गावाने नळ्या पाण्याच्या काठी फोडू नयेत, एवढी खबरदारी अवाजवी नाही. ई-कचऱ्याच्या नियमांत पाऱ्याचे दिवे समाविष्ट आहेत आणि ते परत घेऊन नीट विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. ही साखळी खेड्यापर्यंत मात्र क्वचितच पोहोचते. ग्रामपंचायतीने शाळेच्या किंवा कार्यालयाच्या कोपऱ्यात एक लांब लाकडी पेटी ठेवावी, नळ्या त्यात न फोडता उभ्या ठेवाव्यात आणि वर्षातून एकदा अधिकृत संकलकाकडे पाठवाव्यात. तोपर्यंत घरात उतरवलेली नळी नव्या पट्टीच्याच रिकाम्या खोक्यात घालून माळ्यावर आडवी ठेवावी. ती फुटलीच तर दारे-खिडक्या उघडून पंधरा मिनिटे खोलीबाहेर थांबावे, तुकडे केरसुणीने न झाडता जाड कागदावर गोळा करून झाकणाच्या बरणीत भरावेत, बारीक भुकटी ओल्या फडक्याने टिपून ते फडकेही त्याच बरणीत टाकावे, आणि ती बरणी पेटीतल्या नळ्यांबरोबरच पाठवावी.